सासूबाईंच्या गोळ्याचा विमा

माझी सासू गोळा फेकते.

आलं ना हसू? येऊ द्या. हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला, मग माझ्याकडे संशयानं बघायला लागला, आणि शेवटी म्हणाला, "बरं, आता खरं काय ते सांग." दोष त्याचा नाही. मी माणूसच तसा. माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "आता दिसतं? आता दिसतं?" करून करून डोकं आंबतं. मग संध्याकाळी कुणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय मला घास जात नाही. आमच्या इमारतीतल्या एकाही बिऱ्हाडाला मी या सुखापासून वंचित ठेवलेलं नाही.

पण सासूबाई खरंच गोळा फेकतात. वय बहात्तर. गोळा तीन किलोचा, लोखंडी, घासून घासून गुळगुळीत झालेला. तो कपड्यांच्या कपाटात खालच्या खणात मोज्यांत गुंडाळून असतो, आणि मोजे माझे असतात. ज्येष्ठांच्या स्पर्धा असतात बरं का, अगदी रीतसर. वयाचे गट असतात, पंच असतात, पदकं असतात. चार वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि तिसऱ्याच दिवशी पहाटे मैदान शोधून काढलं. यंदा त्या स्पर्धेत दुसऱ्या आल्या, आणि थेट परदेशातल्या मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं.

पत्र बायकोनं जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं कौतुकाचं होतं. शेवटी मात्र एक अट होती. स्पर्धकाचा प्रवास विमा पाहिजे, आणि त्या विम्यात ही स्पर्धा धरली आहे असं स्वच्छ शब्दांत लिहिलेलं पाहिजे. महिनाअखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ते प्रमाणपत्र पोचलं नाही, तर नाव कमी.

"हात्तिच्या!" मी म्हणालो. "विमाच ना? हा तर माझ्या हातचा मळ."

सासूबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. "जावईबापू, तुमच्या हाताला मळ लागेल असं एखादं काम तुम्ही केल्याचं मला तरी आठवत नाही."

"अहो, तुम्ही यात पडू नका," बायको म्हणाली. "मी बघते ऑफिसातून."

आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर कुठला स्वाभिमानी माणूस मागे हटेल? मी तिथल्या तिथे जाहीर केलं की आठ दिवसांत प्रमाणपत्र आईंच्या हातात देईन, नाही दिलं तर वर्षभर कुणाची फिरकी घेणार नाही. बायको उठली आणि कॅलेंडरवर तारखेला गोल करून आली. इतक्या आनंदानं तिनं आमच्या लग्नाच्या तारखेलाही गोल केला नसेल.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे आमच्या इमारतीतले विमा एजंट राहतात. त्यांना सगळे पॉलिसीराव म्हणतात. भला माणूस आहे. माझं आणि त्यांचं जरा बिनसलेलं होतं एवढंच. झालं होतं काय, दोन वर्षांपूर्वी मी आवाज बदलून त्यांना फोन केला होता, की आमची सर्कस गावाबाहेरच्या माळावर उतरलीय आणि झुल्यावरच्या बारा कलावंतांचा विमा काढायचाय. पॉलिसीराव बारा फॉर्म घेऊन अकरा किलोमीटर गेले आणि त्या माळावर तीन तास उभे राहिले. एकटेच. वर फोन करून विचारत होते, "तंबू कुठल्या रंगाचा म्हणालात?"

त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"पॉलिसीराव, प्रवास विमा काढायचाय. परदेशाचा."

"कुणाचा?"

"सासूबाईंचा."

दार आणखी चार बोटं उघडलं. "हेतू?"

"गोळाफेक."

दार बंद. आतून आवाज आला, "या वेळी कुठल्या माळावर उभा राहू, तेवढं सांगा!"

मी बाहेरून शपथा घेतल्या. शपथा घेणाऱ्या माणसाचं एक असतं, आधीच्या शपथा लोकांच्या लक्षात असतात. शेवटी वरच्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले आणि "हा काय तमाशा चाललाय जिन्यात" म्हणून मलाच चार शब्द सुनावून गेले.

बरं, नाही तर नाही. जगात पॉलिसीराव काय एकटेच आहेत? मी एका विमा कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं पियानो ऐकला. मग एक गोड आवाज आला.

"सर, प्रवाशाचं वय सत्तावीस ना?"

"बहात्तर."

"सर, आकडे उलटे पडलेत का बघता?"

"नाही हो ताई. बहात्तरच."

"बरं. प्रवासाचा हेतू? पर्यटन, व्यवसाय, शिक्षण की नातेवाइकांची भेट?"

"गोळाफेक स्पर्धा."

 मग गोड आवाज जरा कमी गोड झाला. "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ द्या की! मी खरंच सांगतोय."

"सर, आम्हाला असे कॉल रोज येतात." आणि फोन ठेवला. तोही माझ्या तोंडावर! ज्यानं उभ्या आयुष्यात शेकडो खोटे फोन केले आणि बोलता बोलता एकदाही पकडला गेला नाही, तो पहिल्यांदा खरं बोलला आणि पहिल्या मिनिटात पकडला गेला. असली मानहानी मी दुकानात उधारीवाल्यांकडूनही सोसली नव्हती.

मग मी पॉलिसी स्वतः वाचायच्या ठरवल्या. पाच कंपन्यांच्या पाच पॉलिसी काढल्या आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानाच्या काउंटरवर पसरल्या. पहिल्या पानावर प्रत्येकीत एक जोडपं हसत असतं. मागे समुद्र. आत मग सामान हरवलं तर काय, विमान चुकलं तर काय, पासपोर्ट हरवला तर काय, सगळं मोठ्या ठळक अक्षरात. मला वाटलं, चला, काम झालं. पण मागची पानं उलटली आणि अक्षर बारीक व्हायला लागलं. माझ्या दुकानात नजर तपासायचा तक्ता आहे. त्याची सगळ्यात खालची ओळ वाचणारा माणूस मला वर्षातून एखादाच भेटतो. पॉलिसीच्या एकोणिसाव्या पानावरचं अक्षर त्या ओळीच्याही एक मजला खाली होतं. मी स्वतःच्याच नाकावर नंबर तपासायची फ्रेम चढवली, तीन भिंगं घातली आणि वाचलं. काय काय धरलेलं नाही, त्याची ती यादी होती. सत्तरीपुढचे स्पर्धात्मक खेळ तिच्यात सातव्या नंबरवर, पाचहीमध्ये.

त्या दिवशी मला एक अक्कल आली, ती तुम्हालाही फुकट देतो. पॉलिसी पुढून वाचणारा तो गिऱ्हाईक. मागून वाचणारा तो शहाणा. पुढे सगळ्या सारख्याच असतात, नवराबायको हसत असतात. खरा स्वभाव शेवटच्या पानांत कळतो. आता हे लग्नालाही लागू पडतं की नाही, हा प्रश्न मी घरी काढला नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात भेटले. त्यांना इत्थंभूत सगळं कळलेलं होतं. त्यांना कळायला कधी वेळ लागत नाही.

"एवढं काय डोकं लावताय?" ते म्हणाले. "पर्यटन लिहा आणि गप्प बसा. गोळा बॅगेत आणि कुलूप तोंडाला."

खरं सांगतो, मला पटलं. माझ्या स्वभावाला धरून होतं ते. मी घरी येऊन तसं सांगितलं. सासूबाई तेव्हा दाराच्या चौकटीला दोरी बांधून दंड ताणत होत्या. थांबल्यासुद्धा नाहीत.

"पर्यटन? मी काय बघायला चाललेय का? मी टाकायला चाललेय."

"आई, नुसतं कागदावर."

"कागदावर खोटं आणि मैदानावर खरं, असं मला जमायचं नाही. आणि त्यांना प्रमाणपत्रावर स्पर्धा लिहिलेली हवीय. पर्यटन लिहिलंत तर मला काय कठड्याबाहेरून हात हलवायला नेणार आहात?"

बायको म्हणाली, "आठातले तीन दिवस गेले."

एकच मार्ग उरला. पॉलिसीरावांना डोळ्यांनी दाखवायचं. मी त्यांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: रविवारी सकाळी नऊ, आपल्याच आवारात, माळावर नाही. सेक्रेटरींची परवानगी काढली. त्यालाही अर्धा दिवस गेला, कारण आवारात चेंडूचे खेळ खेळायला मनाई आहे आणि गोळ्याला चेंडू म्हणायचं की नाही यावर त्यांचं मत होईना. शेवटी "एक वेळ, एकच फेक" असं लिहून सही दिली.

रविवारी सगळी इमारत गॅलरीत. पॉलिसीराव स्कूटर घेऊनच खाली आले. मी थापा मारतोय असं दिसलं तर तसंच बाहेर निघून जायचा त्यांचा बेत असणार.

"स्कूटर कुठे लावू?"

"लावा हो कुठेही," मी खडूनं रेघ मारत म्हणालो. "त्या तिथे लावा. बहात्तर वर्षांच्या आहेत त्या, पाच मीटरच्या पुढे काही येत नाही."

सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.  रुमालानं गोळा पुसला, मानेच्या खळग्यात ठेवला, डोळे मिटले, एका पायावर वळल्या, आणि तोंडातून असा एक आवाज काढला की तिसऱ्या मजल्यावरचं मांजर घरात पळालं.

गोळा सात मीटर तीस सेंटिमीटर गेला. मी नंतर टेप लावून मोजलं, कारण काहीतरी करायला हवं होतं आणि पॉलिसीरावांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. सात मीटर तीसवर त्यांच्या स्कूटरचा पुढचा दिवा होता. होता म्हणजे तोपर्यंत होता.

आवारात सुई पडली तर ऐकू आली असती. काचेचा शेवटचा तुकडा पडला तो सगळ्यांनी ऐकला. पॉलिसीरावांनी स्कूटरकडे बघितलं. मग सासूबाईंकडे बघितलं. मग खांद्यावरची पिशवी उघडली, फॉर्म काढला आणि म्हणाले, "मॅडम, पूर्ण नाव सांगा."

सासूबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं आता टाळी देतील.

"पाच मीटर म्हणालात?"

"आई, तो आपला एक अंदाज..."

"चार वर्षं एका घरात राहतोय आपण. मैदान दहा मिनिटांवर आहे." एवढंच म्हणाल्या आणि गोळा आणायला चालू लागल्या.

लागलं मला ते. चार वर्षं मी त्यांचा किस्सा करून गावभर सांगत होतो, हशे वसूल करत होतो, आणि बघायला एकदाही गेलो नव्हतो. सोमवारपासून पहाटे मी त्यांच्याबरोबर मैदानावर जायला लागलो. त्या टाकायच्या, मी आणून द्यायचो. तीन किलो ही काय चीज आहे हे वीस वेळा वाकल्यावर कळतं.

पॉलिसीराव आता झपाटले. त्यांच्या डोक्यात एक नवीनच किडा वळवळायला लागला. "प्रवाशाला काय होईल ते सोडा. प्रवासी खणखणीत आहे. समोरच्याचं काय?" असं ते येता-जाता म्हणायचे आणि स्कूटरच्या फुटक्या दिव्यावर हात फिरवायचे. म्हणजे सासूबाईंच्या गोळ्यानं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची जबाबदारीही पॉलिसीत हवी. त्यांनी एक कंपनी शोधली, जी जादा पुरवणी जोडून सत्तरीपुढचा खेळ धरायला तयार होती. अट एकच, वैद्यकीय तपासणी.

तपासणीला मी बरोबर गेलो. बाकावर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. नर्स आली, दोघांकडे नीट बघितलं आणि मला आत घेऊन गेली. माझं वजन केलं, दंडाला पट्टा बांधला, आणि "काका, किती दिवसांपासून असं वाटतंय?" विचारलं. मी म्हणालो, माझं नाही, बाहेर बसल्यात त्यांचं. तोवर माझा रक्तदाब लिहून झाला होता आणि तो बघून डॉक्टर स्वतः उठून आले. सासूबाईंना मग सरकत्या पट्ट्याच्या मशीनवर चालवलं. मशीनची वेळ संपली, त्या उतरेनात. डॉक्टरांनी अभिनंदनाचा हात पुढे केला आणि मग बराच वेळ तो हात कोटाच्या खिशात ठेवून बोलत होते. कागद दोन मिळाले. त्यांच्या कागदावर "उत्तम". माझ्या कागदावर मीठ कमी करा.

कागद कंपनीच्या मुख्य ऑफिसात गेले. दोन दिवसांनी प्रश्न आला, लेखी: "सदर साधनाचा वापर करताना ते हातातून सुटण्याची शक्यता आहे काय?"

मी आणि पॉलिसीरावांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग आम्ही उत्तर लिहिलं: "शक्यता नव्हे, खात्री आहे. सुटलं नाही तर तो खेळ होत नाही."

परत पत्र आलं. "सुटणे टाळण्यासाठी प्रवासी कोणती खबरदारी घेणार आहेत?"

आठ दिवसांचे तोवर वीस झाले होते. बायको रोज कॅलेंडरपाशीच उभी राहून चहा प्यायची. शुक्रवार उजाडला. सकाळी मैदानावर सासूबाईंची एकही फेक सरळ जाईना. मी गोळा आणून दिला तसा त्यांनी तो हातात नुसता धरून ठेवला.

"नाही झालं तर राहू दे," त्या म्हणाल्या. "इथलं मैदान आहेच की."

 चार वर्षांत ही बाई मला टोमण्याशिवाय काही बोलली नव्हती, आणि आज समजूत घालत होती!

मी दुकान उघडलंच नाही. पॉलिसीरावांना उठवलं, आणि आम्ही दोघं एकाच डोळ्याच्या, तोही फुटक्या, स्कूटरवरून मुख्य ऑफिसात पोचलो. प्रश्न विचारणारे साहेब चौथ्या मजल्यावर बसतात. लहानशी मूर्ती, नाकावर घसरलेला चष्मा. मी बॅगेतून गोळा काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. फायली सरकल्या.

"हे काय?"

"साधन. उचला साहेब."

त्यांनी एका हातानं प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी.

"आता तो हातातून सुटू न देता तसाच धरून ठेवा," मी म्हणालो. "किती वेळ जमतंय बघू."

साहेब दोन मिनिटं धरून बसले. कपाळावर घाम आला. "ठेवू का खाली?"

"सुटणं टाळायची खबरदारी घ्या ना!"

पॉलिसीरावांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, संपलं. घातली माती. पण साहेबांनी गोळा खाली ठेवला, बोटं चोळली आणि विचारलं, "हा त्या सात मीटर टाकतात? बहात्तराव्या वर्षी?"

"सात-तीस," पॉलिसीराव डोळे न उघडता म्हणाले. "साक्षीदार माझी स्कूटर."

साहेब हसले. सही करता करता म्हणाले, "परतीच्या तारखेच्या पुढे तीन दिवस जास्त धरतो. परदेशात वेळापत्रकाचा भरवसा नसतो." आणि जाता जाता मी त्यांच्या चष्म्याचे स्क्रू आवळून दिले, ते आपलं फुकट. चार वाजून चाळीस मिनिटांनी प्रमाणपत्र गेलं. त्यात लिहिलं होतं की सदर महिला प्रवासी स्पर्धेत सहभागी होऊन साधन हेतुपुरस्सर हातातून सोडणार आहेत, व त्यास कंपनीची हरकत नाही.

आठ दिवसांच्या पैजेचं म्हणाल, तर ती मी हरलोच. पण बायकोनं कॅलेंडरचं ते पान फाडून कचऱ्यात टाकलं. बायकोचं मन मोठं असतं, फक्त ते पानं फाडताना दिसतं.

तर आम्ही गेलो. सासूबाई स्पर्धक, मी सामानवाला. गोळाफेकीच्या दिवशी असा पाऊस आला की मैदानावर तळं झालं आणि स्पर्धा दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणीच्या टेबलापुढे रांग. सासूबाईंचं प्रमाणपत्र टेबलावरच्या बाईंनी तीन सेकंद बघितलं आणि शिक्का मारला. तीन सेकंद! ज्याच्यासाठी आम्ही एका स्कूटरचा दिवा गमावला. मी त्यांना म्हणणार होतो की वाचा जरा नीट, मजकूर बघण्यासारखा आहे, तेवढ्यात मागे गडबड झाली.

मागे लाल टोपीवाली एक उंच बाई उभी होती. सत्तरीची, खांदे दाराएवढे. तिच्या विम्याची मुदत काल संपली होती. स्पर्धा काल होती म्हणून तिनं कालपर्यंतचाच काढलेला. टेबलावरच्या बाई मान हलवत होत्या: विमा नाही, प्रवेश नाही.  तिनं टोपी काढली आणि ती बाजूला झाली. तिच्या मागचीनं हळूच सांगितलं, गेल्या दोन्ही स्पर्धांत हीच पहिली आली होती.

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मी हिशेब केला आणि सासूबाईंच्या कानाशी लागलो, "आई, सोनं आपलं!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा आवारात उभा असल्यासारखं वाटलं.

"जावईबापू, या बाईचं काम करा."

"आई, अहो ती तुमची..."

"समोर कोणी नसताना पहिलं यायचं असतं तर घरच्या मैदानावर रोज येतेच की. तासभर आहे. करा."

आता माझं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं. तिची भाषा मला अजून कळलेली नाही. पण तिनं पॉलिसी काढली आणि पहिल्या पानावर जोडपं हसत होतं. मागे समुद्र! परक्या मुलुखात ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं मला. मी पॉलिसी टेबलावरच्या बाईंपुढे ठेवली आणि म्हणालो, "पुढून नको. मागून वाचा." त्यांना तिची भाषा येत होती. त्या एकेक कलम इंग्रजीत सांगत गेल्या, मी "पुढे, पुढे" करत गेलो. मागून तिसऱ्या पानावर सापडलं. हवामानामुळे, प्रवाशाचा दोष नसताना, कार्यक्रम लांबला तर मुदत आपोआप तीन दिवस वाढते. मात्र आयोजकांचा लेखी पुरावा हवा.

"पुरावा कुठे आहे?" बाई म्हणाल्या.

"आयोजक कोण?"

"आम्ही."

"मग द्या!"

त्यांनी शिक्का खाली ठेवला. मग शेजारच्या माणसाला विचारलं. त्यानं आणखी कुणाला फोन लावला. पाऊस पडला होता हे तुम्हाला तरी मान्य आहे ना, असं मी हातवारे करून तीन अधिकाऱ्यांना विचारलं. पाऊस करून दाखवला, तळं करून दाखवलं, गोळा तळ्यात बुडवून दाखवला. लोक टाळ्या वाजवायला लागले. शेवटी शिक्का बसलेला कागद बाहेर आला, तिच्या कंपनीला फोन झाला, आणि पहिल्या फेकीला सहा मिनिटं असताना लाल टोपी रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढचं मी कठड्याला टेकून बघितलं. या वेळी अंदाज केला नाही. लाल टोपी सात-पन्नास. सासूबाई सात-एकेचाळीस. सगळ्या फेका झाल्या, दोघींची एकेक राहिली. सासूबाई रिंगणात गेल्या. गोळा पुसला. तो आवाज निघाला, इथे मांजर नव्हतं म्हणून कबुतरं उडाली.

सात-बासष्ट!

मी काय ओरडलो मला माहीत नाही. शेजारचा माणूस दोन पायऱ्या खाली सरकला. पहिल्या! सासूबाई पहिल्या! मग लाल टोपी आत गेली. टोपी काढून खाली ठेवली.

सात-एकाहत्तर.

नऊ सेंटिमीटर. माझ्या चष्म्याच्या काड्या त्याहून लांब असतात. जगात माझ्यासारखा जावई सापडायचा नाही, ज्यानं सासूचा पराभव स्वतः शिक्के मारून आणला. सासूबाई गळ्यात रुपेरी पदक घालून आल्या, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

"आई, मी सकाळी गप्प बसलो असतो तर..."

"तर मी सात-बासष्ट टाकलंच नसतं," त्या म्हणाल्या. "ती सात-पन्नास टाकून माझ्याकडे बघून हसली, म्हणून ते निघालं. सात-बासष्ट, जावईबापू! एकोणिसाव्या वर्षी माझं सात-चाळीस होतं, तेही हलक्या गोळ्याचं." आणि माझ्या पाठीत एक थाप मारली. ते कौतुक मला चार दिवस वळताना जाणवत होतं.

लाल टोपी आली. दोघी एकमेकींचे दंड दाबून बघत होत्या, बाजारात फळं बघावीत तशा. मग सासूबाई मला म्हणाल्या, "पुढची स्पर्धा दोन वर्षांनी आहे. तिला यायलाच पाहिजे. ते नऊ सेंटिमीटर मला तिच्याकडूनच काढायचेत. तिचा पत्ता घ्या, आणि तिची पुढची पॉलिसी तुम्ही बघा."

मी पत्ता घेतला. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकान उघडलं की मी आधी तिला पत्र पाठवतो. पॉलिसीराव शेजारी बसून कलमं सांगतात, बायको तिच्या ऑफिसातल्या मशीनवरून भाषा बदलून आणते. मजकूर साधारण एकच असतो: विमा संपण्याआधी वाढवा, मुदतीत चार दिवस जास्त धरा, मीठ कमी खा, जिना उतरताना कठडा धरा. आणि सराव चालू ठेवा. आम्ही सात-सत्तरला पोचलोय.